'बातमी लावा ना प्लीज' म्हणायची वेळ येऊ नये म्हणून

पीआरमध्ये, म्हणजे जनसंपर्काच्या कामात, नवीन आलेली पोरं पहिल्याच आठवड्यात विचारतात, ताई पत्रकारांच्या नंबरची लिस्ट कुठे मिळेल. लिस्ट मिळते हो, कुठल्याही एजन्सीच्या एक्सेलमध्ये दोनतीनशे नावं पडलेली असतात आणि त्यातल्या निम्म्यांनी कधीच पेपर बदललेला असतो. संध्याकाळी सहा वाजता डेस्कवर, म्हणजे बातम्या निवडून पानं लावतात तिथे, बसलेला उपसंपादक काय करत असतो हे ज्याला कळलं त्याला हे काम जमलं, असं माझं मत आहे, आणि मी पुण्यात हे दहाबारा वर्षं करतेय म्हणून जरा ठासून सांगते.

तर तो काय करत असतो? त्याच्यासमोर ढिगानं प्रेसनोटा असतात, पान एकच, त्यातलं अर्धं जाहिरातीनं खाल्लेलं, आणि तुमच्या नोटसाठी त्याच्याकडे फार तर दहा सेकंद. आता समजा तुमच्या ट्रस्टनं भोर तालुक्यात डोळे तपासणीचं शिबिर घेतलं. नवीन माणूस काय लिहितो? 'अग्रगण्य ट्रस्टचे संस्थापक अध्यक्ष मा. श्री. अमुकअमुक यांच्या वाढदिवसाचे औचित्य साधून भव्य मोफत नेत्रतपासणी शिबिर मोठ्या उत्साहात संपन्न झाले.' संपले दहा सेकंद, गेली नोट. हेच असं लिहून बघा: 'भोर तालुक्यात शनिवारी २१४ जणांचे डोळे तपासले, त्यातल्या ६१ जणांना मोतीबिंदू निघाला, पुढच्या महिन्यात त्यांची ऑपरेशन्स मोफत होणार आहेत.' आता ही बातमी झाली, कारण यात गाव आहे, आकडा आहे आणि वाचणाऱ्याच्या आजीच्या कामाचं काहीतरी आहे. अध्यक्ष तिसऱ्या परिच्छेदात येऊ देत. भव्य, दिमाखदार, संपन्न हे शब्द डेस्कवर तसेही कापलेच जातात, मग आपणच कापलेले काय वाईट. आणि 'यावेळी उपस्थित होते' वाली यादी चार नावांवर थांबवा, बॉस कितीही रुसला तरी.

पाठवायची कशी हेसुद्धा शिकायलाच लागतं. माझी पहिली मोठी नोट मी श्रीलिपीत टाइप करून पाठवली होती, समोरच्याकडे तो फॉन्ट नव्हता, सगळं अगम्य चिन्हांचं गिचमिड होऊन पोचलं आणि डेस्कवरून फोन आला की मॅडम हे नक्की कुठल्या भाषेत आहे! तेव्हापासून युनिकोडच, म्हणजे कुठल्याही कंप्युटरवर वाचता येईल असं टायपिंग, आणि मजकूर मेलच्या बॉडीत पेस्ट करून वर वर्डची फाइल. पीडीएफ नको, त्यातून मराठी कॉपी केलं की वेलांट्या तुटतात. फोटो व्हॉट्सअॅपवर टाकणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून टाका, नाहीतर तो दाबला जाऊन छापण्यालायक राहत नाही, आणि कॅप्शनमध्ये 'डावीकडून' म्हणून नावं लिहा, आडनावासकट, स्पेलिंग तपासून. फोटोत पंधरा माणसं हार घालून उभी नकोत, एक आजी आणि तिचे डोळे तपासणारा डॉक्टर एवढं पुरतं. वेळ म्हणाल तर दुपारी चारच्या आत पाठवा, तालुक्याच्या आवृत्त्यांची पानं शहराच्या आधी छपाईला सुटतात हे नवीन लोकांना माहितीच नसतं.

आता ओळखी. त्या होतात, पण चहा पाजून होत नाहीत. प्रत्येक रिपोर्टरचं बीट, म्हणजे नेमून दिलेला विषय, असतो: महापालिका, आरोग्य, क्राइम, शिक्षण, आणि आरोग्यवाल्याला तुमच्या बँकेच्या नवीन शाखेचं काहीही पडलेलं नसतं. महिनाभर रोज चारपाच पेपर वाचा, लोकसत्ता सकाळ मटा लोकमत पुढारी जे मिळतील ते, आणि वहीत लिहा की कुणाची बायलाइन, म्हणजे बातमीवरचं नाव, कुठल्या विषयाला येते. मग पहिला फोन करताना 'तुमची परवाची रक्तपेढीची बातमी वाचली' असं खरंखुरं म्हणता येतं. आणि 'नोट मिळाली का' म्हणून चारचारदा फोन करू नका, एकदा करा, सकाळी अकराच्या आसपास. पाकीट आणि गिफ्टच्या भानगडीत तर पडूच नका. जाहिरात द्यायची असेल तर ती जाहिरात विभागाकडून रीतसर जाते, ती बातमीच्या वेशात छापून आणणं म्हणजे पेड न्यूज.

घरबसल्या सरावाची एक युक्ती सांगते, ही मला कुणी सांगितली नव्हती. राज्य सरकारचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आपल्या प्रेसनोटा महासंवाद पोर्टलवर पूर्ण टाकतं. एक नोट उचला, दुसऱ्या दिवशी पेपरात ती कशी आली ते शोधा आणि काय कापलं, हेडिंग कशाचं केलं, खालचं काय वर आणलं ते पेनानं खूण करून बघा. महिनाभर रोज एक. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन पत्रकारितेचा कोर्स केलात तर उत्तमच, पण हा सराव तरीही लागणारच.

पत्रकार परिषद उगाच घेऊ नका. पुण्यात पत्रकार भवनात हॉल मिळतो म्हणून घ्यायची असं नसतं, प्रश्न विचारण्यासारखं काही असेल तरच. टीव्हीवाले आले तर साहेबांना आधीच सांगून ठेवा की बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरची प्रतिक्रिया, वीसतीस सेकंदांचाच लागतो आणि उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं, कारण प्रश्न कापला जातो आणि नुसतं 'हो, बरोबर आहे' उरतं. आणि पंखा बंद करा, त्याची घरघर माइकमध्ये येते.

खरी परीक्षा मात्र वाईट दिवशी होते. रात्री साडेनऊला फोन येतो, तुमच्याकडे अमुक झालंय, काय म्हणणं आहे? इथे फोन बंद केला की उद्या छापून येणार 'संपर्क होऊ शकला नाही', आणि ते वाक्य वाचून सगळ्यांना वाटतं की हे लपवतायत. १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा मोठा अपघात झाला, तेव्हा आयव्ही ली या माणसानं कंपनीतर्फे स्वतःहून निवेदन काढलं आणि पत्रकारांना अपघाताच्या जागी न्यायची सोय केली, पहिली प्रेसनोट म्हणून तिचंच नाव घेतात. आपल्याला एवढं नाही जमलं तरी दोन ओळी तयार ठेवता येतात: काय घडलं ते नक्की माहीत आहे तेवढंच, आपण आत्ता काय करतोय, आणि पुढची माहिती किती वाजता देऊ. ती वेळ मग पाळायची, नवीन काही नसलं तरी फोन करून तसं सांगायचं. आणि 'ऑफ द रेकॉर्ड सांगतो' असं म्हणून काही बोलू नका, साहेबांनाही बोलू देऊ नका.

महिन्याअखेरीस कात्रणांची फाइल लागते. तिथे बरेच क्लायंट अजून विचारतात की एवढ्या जागेची जाहिरात घेतली असती तर किती पैसे पडले असते, तो आकडा टाका. २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांमध्ये या व्यवसायातल्या लोकांनीच हे मोजमाप मोडीत काढलंय, पण क्लायंटला ते सांगायला जाऊ नका, भांडण होतं. मी तो आकडा टाकते, आणि शेजारी दुसरा एक कॉलम ठेवते: बातमी आल्यावर किती फोन आले. हल्ली क्लायंट आधी तोच बघतात.