तंबाखूच्या पाइपवर खडबडीत पोत काढायचं घरगुती हत्यार: या चुका टाळा

इटलीतल्या कांतू गावात कार्लो स्कॉटी यांनी १९४७ साली कास्तेल्लो हा पाइपचा कारखाना सुरू केला. त्यांचा ‘सी रॉक’ पाइप हातात घेतला की डोळ्यांआधी बोटांना कळतं: प्रवाळासारखा खडबडीत, तरी कुठे टोचत नाही. ब्रायर या कठीण लाकडाच्या पाइपवर त्या धाटणीचा पोत घरीही काढता येतो. त्यासाठी नळीत घट्ट बसवलेल्या खिळ्यांचा जुडगा आणि धरायला लाकडी मूठ एवढं पुरतं. पण जुडगाच चुकला, तर हात कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

साधे लोखंडी खिळे घेऊच नका. ब्रायर कठीण असतं, पाइपची एक बाजू होईपर्यंत खिळ्यांची टोकं बोथट होतात. बोथट टोक लाकूड कापत नाही, चेपतं, आणि पोत कुस्करल्यासारखा दिसतो. दुकानात काँक्रीटमध्ये ठोकायचे स्टीलचे खिळे मागा. जुडगा नळीत बसावा म्हणून त्यांची डोकी कापायची, पण ती हॅकसॉने कापली जात नाहीत, ग्राइंडरचं कटिंग व्हील लागतं. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच.

धार लावताना घाई केली की खिळा तापून त्याचं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरतो. टोक निळं पडलेलं दिसलं की ते वाया गेलं, तेवढा भाग घासून काढा आणि पुन्हा सुरुवात करा. दोन सेकंद चाकाला, लगेच पाण्यात, पुन्हा चाकाला. टोक सुईसारखं गोल नको, चार पैलूंचं हवं. सुई नुसतं भोक पाडते. पैलूंच्या कडा फिरताना तंतू कापतात.

खिळे सात घ्या: मधे एक, भोवती सहा. तीन मिलिमीटर जाडीचे सात खिळे नऊ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत नेमके बसतात. नळी किंचित मोठी निघाली तर पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळून भरा. नुसत्या एपॉक्सी गोंदावर भरवसा ठेवू नका, जोर लावल्यावर ती सुटते आणि एखादा खिळा आत सरकतो. मग पोतात एकच रेघ पुन्हापुन्हा उमटते. बाहेरून होज क्लॅम्प आवळा. टोकं नळीबाहेर पाच-सहा मिलिमीटरच ठेवा. जास्त काढली की ती फाकतात. मधलं टोक किंचित पुढे असू द्या, म्हणजे हत्यार घसरत नाही.

आता पाइपवर. नुसतं टोचलं तर ठिपके उमटतात, पोत होत नाही. टोकं लाकडात रुतवून मनगटाने अर्धा वळसा द्या, उचला, शेजारी आधीच्या खुणेवर थोडं चढवून पुन्हा. खुणा एका रांगेत आल्या, तर दर वेळी मूठ थोडी वेगळ्या कोनात धरा.

खोलीबाबत मी फार जपून असतो. तंबाखू भरायचं पाइपचं भांडं बाहेरून ३६ आणि आतून २० मिलिमीटर व्यासाचं असेल, तर त्याची भिंत आठ मिलिमीटर भरते. त्यातला दीड मिलिमीटर पोतात गेला तर साडेसहा उरते, तेवढी पुरे. त्याखाली गेलात तर ओढताना पाइप हाताला चटके देईल. भांडं आणि तोंडनळी यांना जोडणाऱ्या दांडीवर खरी कसोटी. चौदा मिलिमीटरच्या दांडीत तोंडनळी बसवायचं भोक आठचं असेल, तर भिंत तीनच उरते. तिथे दाबलं की चीर पडते. भोकात मापाची लाकडी काडी घाला, अर्धा मिलिमीटरच खोल जा. तोंडनळीच्या सांध्यालगत आणि भांड्याच्या काठाला मास्किंग टेपचे दोन-तीन वेढे द्या, म्हणजे कड स्वच्छ राहते. पाइप तळहातात धरून काम करू नका. भांड्यात कापड गुंडाळलेला दांडा बसवा, तो शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरा.

शेवटी पितळी तारेचा ब्रश फिरवून सुटे तंतू काढा. आधी गडद स्पिरिटचा रंग, तो वाळल्यावर उंचवट्यांवरून ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने, मग फिका रंग. खाच-उंचवटे डोळ्यांसमोर सुटे होतात. मेण अगदी थोडं, टूथब्रशने लावा. जास्त झालं तर खाचांत पांढरं साचतं. हेअर ड्रायरने ऊब देऊन कापडाने टिपून घ्या. जाड लाखेचा थर देऊ नका, खाचा बुजतात.

सरावाला ब्रायर वाया घालवू नका, बाभळीचा तुकडा घ्या. शिसवाचा भुसा काहींच्या त्वचेला आणि श्वासाला बाधतो, म्हणून तो टाळा. लाकूड कुठलंही असलं तरी काम मास्क लावूनच करा.