घरातला कॉम्प्युटर सगळे मिळून वापरता? मग या चुका टाळा

प्रायव्हसीचं नाव काढलं की घरात एक वाक्य ठरलेलंच असतं, "घरच्यांपासून काय लपवायचंय?" लपवायचं काही नसतं हो, पण आपली मेल, डॉक्टरचे रिपोर्ट, बँकेचं स्टेटमेंट हे आपलं असतं. आणि बहुतेक वेळा कोणी मुद्दाम बघत नाही, समोर उघडं असतं म्हणून दिसतं. माझ्या बहिणीने एकदा माझ्या मेलवरून भलत्यालाच उत्तर पाठवलं, तिला वाटलं तिचंच अकाउंट उघडलंय, आणि तिची काहीच चूक नव्हती कारण लॉगआउट मीच केलं नव्हतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे विंडोजचं एकच युजर अकाउंट सगळ्यांनी वापरणं. बाकीचे निम्मे प्रॉब्लेम इथूनच येतात, कारण डेस्कटॉप, डाउनलोड्स, ब्राउझर, सेव्ह केलेले पासवर्ड सगळं सामायिक होऊन बसतं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स इथे जाऊन प्रत्येकाचं वेगळं अकाउंट बनवा आणि ज्याचा पासवर्ड त्यालाच माहीत असू दे. अ‍ॅडमिन, म्हणजे सगळ्या सेटिंग्ज बदलू शकणारं अकाउंट, एकालाच ठेवा, बाकी सगळे स्टँडर्ड, म्हणजे साधे. फक्त एक लक्षात असू दे, अ‍ॅडमिनवाल्याने ठरवलं तर तो इतरांचे फोल्डर उघडू शकतो, त्यामुळे अ‍ॅडमिन कोण हे नीट विचार करून ठरवा. आणि खुर्चीवरून उठताना विंडोज की आणि एल दाबायची सवय लावा, स्क्रीन लगेच लॉक होते.

बरेच जण म्हणतात आम्ही क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल केलंय. पण त्या प्रोफाइलला कुलूप नसतं, कोपऱ्यातल्या फोटोवर क्लिक केलं की कोणीही त्यात जातं.

इन्कॉग्निटोचंही, म्हणजे ब्राउझरच्या हिस्ट्री न ठेवणाऱ्या विंडोचंही, तसंच. सगळ्या इन्कॉग्निटो विंडो बंद केल्या की हिस्ट्री आणि कुकीज जातात, एक जरी उघडी राहिली तरी लॉगिन तसंच चालू राहतं, आणि डाउनलोड केलेली पीडीएफ तर डाउनलोड्समध्येच पडून असते, ती आपल्याला हाताने डिलीट करावी लागते आणि रीसायकल बिनमधूनही काढावी लागते.

पासवर्ड सेव्ह करताना लोक म्हणतात बघायला तर पिन लागतो ना. लागतो, पण तो पिन घरभर माहीत असेल तर उपयोग काय, शिवाय लॉगिन पेजवर पासवर्ड आपोआप भरलाच जातो, तो बघायची गरजच पडत नाही.

हिस्ट्री साफ करताना कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट दाबल्यावर टाइम रेंज बघा, ती बऱ्याचदा थोड्याच वेळाची असते, सगळं काढायचं तर ऑल टाइम निवडावं लागतं. मात्र सिंक चालू असेल, म्हणजे फोन आणि कॉम्प्युटरवरचं क्रोम एकाच अकाउंटला जोडलेलं असेल, तर फोनवरची हिस्ट्रीसुद्धा जाईल, तेव्हा आधी ते बघा.

लॉगआउट करायचं राहूनच गेलं असेल तर घाबरू नका, फोनवरून होतं. गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये युवर डिव्हाइसेस उघडा, घरचा कॉम्प्युटर निवडा, साइन आउट करा. व्हॉट्सअ‍ॅप वेबचा टॅब बंद केला म्हणजे लॉगआउट झालं असं नसतं, फोनवर लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये जाऊन तो कॉम्प्युटर काढा. तिथे ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर तेही लगेच काढून टाका आणि मग घरात शांतपणे विचारा, कोणी जोडलं होतं का म्हणून.