घासलेला भाग टाकून देण्याआधी : पद्मिनीच्या दुरुस्तीतून शिकलेले काही

जुन्या गाड्यांचे काम शिकायला येणाऱ्या मुलाच्या हातात मी पहिल्या दिवशी पाना देत नाही, रिकामा पत्र्याचा डबा देतो. गाडीतून निघालेला प्रत्येक घासलेला भाग, मग तो चिरलेला बुश (दोन भागांच्या सांध्यात बसणारी नळी) असो की झिजून कागदासारखा झालेला वॉशर, त्या डब्यात जायचा आणि गाडी मालकाच्या ताब्यात जाईपर्यंत तिथेच राहायचा, असा आमच्याकडे नियम आहे. हल्लीच्या गाड्यांवर काम करून आलेल्या मुलांना हा नियम चमत्कारिक वाटतो, कारण तिथे पार्ट नंबर सांगितला की नवा भाग खोक्यात बंद होऊन येतो आणि जुना भंगारात जातो. जुन्या गाडीच्या बाबतीत मात्र त्या नव्या भागाचे माप बरोबर आहे की नाही हे सांगणारा एकमेव पुरावा म्हणजे तो जुना भाग असतो.

मी आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड करून पुण्यातल्या एका लहानशा गॅरेजमध्ये हेल्पर म्हणून लागलो. तिथे मिस्त्रींनी माझ्याकडे सोपवलेली पहिली गाडी प्रीमियर पद्मिनी होती, आणि पुढेही याच गाडीवर माझा सर्वांत जास्त हात बसला, म्हणून इथली उदाहरणे तिचीच आहेत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० या इटालियन गाडीची ही भारतीय आवृत्ती बनत असे. १९६४ पासून डिलाइट, मग काही काळ प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी अशी तिची नावे बदलत गेली. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही गेली. टॅक्सी होत्या तोवर सुट्या भागांना रोजचे गिऱ्हाईक होते. ते गेल्यामुळे जुन्या साठ्यातला माल दुर्मीळ होत चालला आहे, आणि आज त्याच्या जागी जे मिळते त्याच्या मापाची हमी दुकानदारही देत नाही.

घासलेल्या भागावरून मूळ माप कसे काढायचे, असा प्रश्न नवशिक्याला पडतो. त्याचे उत्तर असे की कोणताही भाग सगळीकडे सारखा झिजत नाही. वॉटर पंपाचा शाफ्ट सीलच्या जागी खोल गेलेला असतो, पण पुलीखालच्या भागाला काहीच झालेले नसते. किंगपिन, म्हणजे पुढचे चाक जिच्याभोवती वळते ती पिन, दोन्ही टोकांना खाल्लेली असते, पण मधल्या घट्ट बसलेल्या भागावर कारखान्यातून आली तेव्हाचा व्यास शाबूत असतो. तिथे मायक्रोमीटर (बारीक माप घेणारे उपकरण) लावला की मूळ माप मिळते, घासलेल्या जागी लावला की झीज किती ते मिळते, आणि टर्नरकडे, म्हणजे लेथवर भाग घडवणाऱ्या कारागिराकडे, जाताना हे दोन्ही आकडे कागदावर असले म्हणजे तो अंदाजाने माल उतरवत नाही. व्हर्नियरवर, म्हणजे सरकत्या मोजपट्टीवर, या कामात भिस्त ठेवू नये. मिस्त्रींच्या बोलण्यातला ‘एक थाऊ’ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटरमध्ये ०.०२५४, आणि तेवढा फरक आपल्या नेहमीच्या व्हर्नियरवर खात्रीने वाचता येत नाही.

किंगपिनबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण माझी सर्वांत मोठी चूक याच कामात झाली. पद्मिनीचे पुढचे चाक वळते ते या उभ्या पिनेभोवती, वर आणि खाली बसवलेल्या दोन गनमेटलच्या बुशांवर. गाडी सरळ चालवताना हँडल, म्हणजे स्टिअरिंग, थरथरू लागले किंवा पुढचे टायर एका कडेने खाल्ले जाऊ लागले की चाक जॅकवर उचलावे, एक हात टायरच्या वर आणि एक खाली धरून ते आतबाहेर हलवावे आणि खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवतो का ते पाहावे. खेळ असेल तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनचा किंवा सस्पेन्शनच्या इतर बुशांचा. बेअरिंगचा दोष असताना अख्खी किंगपिन उतरवलेली मी पाहिली आहे, तेव्हा ही चाचणी कंटाळा न करता दोन्ही चाकांवर करावी.

पिन बाहेर आली की ती रॉकेलने धुवावी, पुसावी आणि तिच्यावरून अंगठ्याचे नख वरून खाली हळूहळू फिरवावे. एका ठिकाणी नख पायरीवरून उतरल्यासारखे अडते. वरच्या टोकाला ही पायरी पिनेच्या ज्या बाजूस असते, त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूस ती खालच्या टोकाला सापडते, कारण गाडीचे वजन चाकाला एकाच दिशेने कलवत असते आणि पिनेला वर एका अंगाने व खाली दुसऱ्या अंगाने दाबत असते. खालची झीज वरच्यापेक्षा फारच जास्त दिसली तर तिथे पाणी आणि धूळ शिरत होती किंवा ग्रीस पोहोचत नव्हते असे समजावे आणि नवे बुश ठोकण्याआधी ते कारण शोधावे. नाहीतर नवा संचही त्याच वाटेने जातो.

आता चुकीबद्दल. मी पहिल्यांदा एकट्याने बुश बसवले तेव्हा प्रेस नीट झाले, रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारे हत्यार) नीट फिरला, पिनही हवी तशी बसली, म्हणजे हलके तेल लावून अंगठ्याच्या दाबाने आत जाणारी पण स्वतःच्या वजनाने खाली न पडणारी. शेवटी ग्रीस गन लावली तर ती जड गेली, आणि आत ग्रीस पूर्ण भरले असा मी सोयीस्कर अर्थ काढला. तीन महिन्यांनी मालक परत आले. हँडल जड झाले होते आणि वळणानंतर ते आपणहून सरळ येत नव्हते. उघडून पाहिले तर पिन कोरडी होती, तिच्यावर तपकिरी चरे पडले होते, आणि बुश काढल्यावर त्याच्या पाठीवर, निपलच्या (ग्रीस गन जिथे लावतात त्या तोंडाच्या) समोर, छिद्राएवढा ग्रीसचा गोल ठिपका तेवढा दिसला. बुशाला ग्रीससाठी छिद्र असते आणि ते स्टब अॅक्सलमधल्या (चाक धरणाऱ्या आणि पिनेभोवती वळणाऱ्या भागातल्या) छिद्रासमोर यावे लागते. मी ते पाव फेरा बाजूला बसवले होते. मिस्त्री रागावले नाहीत, त्यांनी पुढच्या संचाचे पैसे माझ्या पगारातून कापले. आता मी बुश प्रेसखाली ठेवण्याआधी छिद्राची जागा खडूने आखतो आणि बसवल्यावर बारीक तार निपलच्या बाजूने आरपार जाते का ते पाहतो. बुश प्रेस केल्यावर आतून आवळतो, म्हणून रीमर लागतोच, आणि तो वरच्या-खालच्या बुशांतून एकाच रेषेत फिरवावा लागतो. दोन्ही बुश वेगवेगळे रीम केले तर प्रत्येकात सहज जाणारी पिन दोन्हींत एकदम बसत नाही.

इंजिनाच्या कामात नवशिक्याचा उत्साह सर्वाधिक असतो आणि घाईही तिथेच होते. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, म्हणजे ६८ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक (पिस्टनची धाव). गाडी धूर सोडते, चढावर मार खाते, म्हणून लगेच हेड उतरवू नये. आधी कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारे उपकरण) लावावा, प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून ठेवावा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चांगलाच चढला तर गळती रिंग (पिस्टनभोवतीचे कडे) आणि बोअरमधून आहे, फारसा चढला नाही तर व्हॉल्व्हकडे किंवा हेडच्या पॅकिंगकडे पाहावे.

बोअर गेज नसेल तर जुन्या मिस्त्रींची एक युक्ती उपयोगी पडते आणि ती गणिताने पूर्ण खरी आहे. एक रिंग मोकळी करून बोअरमध्ये घालावी, पिस्टनच्या माथ्याने ढकलून ती सपाट करावी आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी. हे एकदा अगदी खाली, जिथे रिंग कधी घासत नाही तिथे करावे, आणि एकदा वर, कंगोऱ्याच्या (बोअरच्या तोंडाशी न झिजता उरलेल्या कडेच्या) लगेच खाली, जिथे झीज सर्वांत जास्त असते तिथे. समजा खाली फट ०.४० मिलिमीटर आणि वर ०.८५ आली. फरक ०.४५. परीघ व्यासाच्या ३.१४ पट असल्यामुळे या फरकाला ३.१४ ने भागले की साधारण ०.१४ मिलिमीटर ही व्यासातली झीज मिळते. बोअर अंडाकृती झाला आहे का, हे या रीतीने कळत नाही. त्यासाठी बोअर गेज मागून आणावाच लागतो. माझ्या मते झीज ०.१० च्या पुढे गेली असेल तर नुसत्या रिंगा बदलणे म्हणजे मालकाला काही महिन्यांची उसंत विकत देणे आहे, आणि वरचा कंगोरा न काढता नवी रिंग घातली तर ती त्याला आपटून तुटण्याची भीती वेगळीच. बोअरिंगचा निर्णय झाला की पिस्टन आधी हातात घ्यावेत, मोजावेत आणि ते मशिन शॉपमध्ये ब्लॉकबरोबर द्यावेत. ब्लॉक आधी कापून मग त्या मापाचे पिस्टन शोधत नाना पेठेत फिरणारे लोक मी पाहिले आहेत.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगता येतील. हँडलवरचा गिअर मध्येच अडकत असेल तर गिअरबॉक्सला हात लावण्याआधी लिंकेजचे (हँडल ते गिअरबॉक्स जोडणाऱ्या दांड्यांचे) लहान बुश पाहावेत, बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. डिपस्टिक काढल्यावर पेट्रोलचा वास आला आणि ऑईलची पातळी वाढलेली दिसली तर पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) फाटलेला असू शकतो आणि पातळ झालेले ऑईल बेअरिंगे खाऊ लागते, म्हणून गाडी तशीच चालवू नये. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आल्यापासून जुन्या रबराचे डायफ्रॅम आणि नळ्या याबाबत मी जास्त सावध झालो आहे. टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली) फट आपोआप कमी होत असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये, म्हणजे तो टेकतो त्या कडेत, बुडत चालला आहे, हे ओळखावे; देशभरात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोल आले, आणि त्याआधीच्या मऊ सीटांना शिशाचे जे संरक्षण मिळत होते ते तेव्हापासून उरले नाही. ब्रेक ड्रम उघडल्यावर आतली भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये अॅसबेस्टॉस असे, ती भुकटी ओल्या फडक्याने पुसावी आणि नाकाला मास्क लावावा.

या कामात पोट भरते का, असेही मुले विचारतात. सुरुवातीची दोन वर्षे धुणे, पुसणे, मोजणे आणि वहीत लिहिणे यांतच जातात, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये लागलेला मित्र तोवर आपल्यापेक्षा जास्त कमावत असतो. त्यानंतर मात्र मापात काम करणारा माणूस सहसा रिकामा बसत नाही, कारण असे हात कमी होत आहेत आणि जुन्या गाड्या हौसेने जपणारे लोक वाढत आहेत. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपातल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते, त्यामुळे मूळ भाग दुरुस्त करून परत बसवणाऱ्याला मालकही आता मान देतात. सुटे भाग शोधण्यासाठी पुण्यात नाना पेठ आहे आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे. दोन्हीकडे जाताना खिशात मायक्रोमीटर आणि जुना भाग असावा. दुकानदार डब्यावरचे नाव दाखवतो, आपण माप दाखवावे. एका रविवारी जुन्या बाजारात मला वापरलेली पण फारशी न झिजलेली किंगपिन मिळाली आणि ती बाजारात नव्या म्हणून मिळणाऱ्या पिनेपेक्षा मूळ मापाच्या दोन थाऊंनी जास्त जवळ निघाली.

गाडी बाहेर देण्याच्या दिवशी डबा मालकासमोर रिकामा करावा, प्रत्येक भागावरची झीज बोटाने दाखवावी आणि मग तो माल ठेवायचा की द्यायचा हे त्यांना ठरवू द्यावे. त्याआधी चाके पुन्हा उचलून, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवत प्रत्येक निपलला गन लावावी, आणि जुने काळे ग्रीस सरून बुशाच्या दोन्ही कडांतून नवे ग्रीस बाहेर येताना डोळ्यांनी दिसेपर्यंत ती खाली ठेवू नये.