खाऱ्या हवेत इलेक्ट्रिक सायकलची करकर शोधताना

पेडलवर जोर दिला की येणारी करकर ही इलेक्ट्रिक सायकलची सर्वांत चिवट तक्रार आहे, आणि कोकण किनाऱ्यावर ती जडायला एक पावसाळा पुरतो. घट्ट आवळलेले दोन भाग भार पडल्यावर एकमेकांवर केसभर सरकतात आणि त्यांच्यामधले ग्रीस संपलेले असले, की तो सांधा बोलू लागतो. किनाऱ्यावरच्या हवेतले मीठ या सांध्यांत जाऊन बसते. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. त्यामुळे पावसाळ्याचे महिने सांधा आतून सतत ओला राहतो आणि गंजतो. त्यात जांभ्याची तांबडी माती मिसळली, की ग्रीसचे काम बिघडवायला आणखी काही लागत नाही. शिवाय ही सायकल बॅटरी आणि मोटर धरून वीस-पंचवीस किलोंची असते, त्यामुळे साध्या सायकलीत गप्प राहिला असता असा सांधाही येथे आवाज करतो.

आवाज ऐकताच दिसेल तो बोल्ट आवळणे किंवा सगळीकडे तेल फवारणे, या दोन्ही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. सगळे एकदम आवळले, तर दोष कोठे होता ते कधीच कळत नाही आणि आठवड्याने आवाज परत आला, की पुन्हा पहिल्यापासून शोध घ्यावा लागतो. फवारलेले तेल आवाज दोन दिवस दाबते, पण मातीला धरून ठेवते; आणि त्याचे शिंतोडे ब्रेकच्या डिस्कवर उडाले तर ब्रेक पॅड निकामी होतात. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेसारख्या उतारावर असा ब्रेक घेऊन जाणे जिवावर बेतू शकते.

शोध कानाने सुरू करावा, पण कानावर पूर्ण विश्वास ठेवू नये. फ्रेमच्या पोकळ नळ्यांतून आवाज फिरतो. जुन्या माडीच्या लाकडी जिन्यावर पाय एका पायरीवर पडावा आणि कुरकुर दुसरीतून यावी, तसेच येथे होते. म्हणून वारा पडलेल्या कोरड्या सकाळी, गुळगुळीत डांबरी रस्त्यावर आणि शक्यतो एखाद्या चिरेबंदी गडग्याच्या कडेने सायकल चालवावी. गडग्यावर आपटून परत येणारा आवाज बराच स्पष्ट ऐकू येतो.

प्रथम वेग घेऊन पेडल मारणे थांबवावे. आवाज तरीही चालू राहिला, तर दोष चाक, स्पोक, मडगार्ड, कॅरिअर किंवा डिस्कच्या बाजूला आहे. थांबला, तर पेडल, क्रॅंक (पेडल जिला जोडलेले असते ती दांडी), चेन किंवा सीट यांपैकी कोठे तरी आहे. त्यानंतर सीटवरून उठून, उभे राहून पेडल मारावे. उठताच आवाज गेला तर सीट किंवा सीटपोस्ट (सीटखालची दांडी) दोषी, हे जवळजवळ निश्चित समजावे. मग एकच चढ त्याच गिअरमध्ये एकदा मोटर बंद ठेवून आणि एकदा चालू ठेवून चढावा. मागच्या चाकाच्या मध्यभागी हब मोटर असलेल्या सायकलीत मोटर बंद असताना करकर वाढली, तर पायाचा जोर घेणारे भाग, म्हणजे पेडल आणि क्रॅंक, तपासावेत. मोटर चालू असतानाच ती आली, तर मागच्या ॲक्सलचे (चाकाच्या आसाचे) नट पाहावेत. मोटर क्रॅंकपाशी असेल, तर तिचा जोरही चेनवरच येत असल्याने ही चाचणी इतकी स्वच्छ उत्तर देत नाही.

आवाजाची लय मोजणे हा माझ्या मते सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित मार्ग आहे. पेडलच्या प्रत्येक फेरीत एकदा, तेही ठरावीक पाय खाली जातानाच टक् होत असेल, तर त्या बाजूचे पेडल किंवा क्रॅंक पाहावे. पुढचे चक्र ४४ दात्यांचे आणि चेन ११० कड्यांची असेल, तर चेन अडीच फेऱ्यांत एकदा पूर्ण फिरते. आवाज अशा अडीच फेऱ्यांच्या अंतराने आला, तर एखादी कडी आखडली आहे असे समजावे.

कामाला हात घालण्यापूर्वी सायकल बंद करून बॅटरी काढावी. याच वेळी एक चाचणीही उरकून घ्यावी : खडबडीत रस्त्याच्या ज्या तुकड्यावर आवाज येतो, त्याच तुकड्यावरून आधी मोटर बंद ठेवून आणि मग बॅटरी बाजूला ठेवून एकेक चक्कर मारावी. मोटर बंद असतानाही येणारा आवाज बॅटरी काढल्यावर नाहीसा झाला, तर तो मोटरचा नसून बॅटरीच्या बैठकीचा आहे. लोक मोटरवर संशय घेतात आणि पुष्कळदा दोष या बैठकीतच निघतो. बैठकीखालचे बोल्ट फ्रेमच्या पातळ नळीत बसवलेल्या आट्यांच्या पुंगळ्यांत जातात. जोर लावून आवळले तर पुंगळीच नळीत गरगर फिरू लागते आणि मग बोल्ट धड घट्टही होत नाही, धड निघतही नाही. ते हलक्या हातानेच आवळावेत. बॅटरी आणि बैठक यांच्यात फट असेल, तर जुन्या ट्यूबची पातळ पट्टी कापून चिकटवावी, मात्र विजेच्या टोकांवर किंवा पाणी निघून जाण्याच्या भोकावर ती येऊ देऊ नये. टोकांवर हिरवट किंवा पांढरा थर दिसला, तर तो कोरड्या कापडाने पुसावा.

सीटपोस्ट काढण्यापूर्वी उंचीच्या खुणेसाठी चिकटपट्टी लावावी. किनाऱ्यावरच्या सायकलीची सीटपोस्ट बाहेर ओढली, की नळीच्या तोंडाशी पांढरी भुकटी आणि तिच्याखाली तांबडी, दाटसर गाद दिसते. भुकटी म्हणजे ॲल्युमिनिअमचा गंज; पोस्ट लोखंडी आणि फ्रेम ॲल्युमिनिअमची असेल, तर खाऱ्या ओलाव्यात हा गंज अधिक वेगाने चढतो आणि दुर्लक्ष झाल्यास पोस्ट कायमची अडकून बसते. पोस्ट आणि नळीची आतली बाजू कापडाने कोरडी होईपर्यंत पुसावी, ग्रीसचा पातळ थर द्यावा आणि क्लॅम्प सुमारे ५ ते ६ न्यूटन-मीटरवर (हे आवळण्याच्या जोराचे माप) आवळावा. क्लॅम्पवर वेगळा आकडा छापलेला असेल, तर तोच पाळावा. कार्बनच्या पोस्टला ग्रीस न लावता त्यासाठीची खास पेस्ट वापरावी. सीटखालच्या दोन दांड्या जेथे पकडलेल्या असतात, तो सांधाही सोडवून असाच साफ करावा, कारण सीटपोस्टच्या नावावर खपणारी करकर अनेकदा तेथून येते.

पेडल काढताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे विसरू नये. आटे जुन्या टूथब्रशने साफ करून ग्रीस लावावे आणि पेडल ३५ ते ४० न्यूटन-मीटरवर बसवावे. चौकोनी दांड्याच्या क्रॅंकचा बोल्टही साधारण इतकाच घट्ट लागतो. सैल क्रॅंक तशीच चालवत राहिल्यास तिचे चौकोनी भोक झिजून गोलसर होते, आणि मग ती बदलण्यावाचून उपाय उरत नाही. बॉटम ब्रॅकेट (दोन्ही क्रॅंकमधला, फ्रेममध्ये बसलेला बेअरिंगचा भाग) मात्र घरी उघडू नये, कारण अनेक इलेक्ट्रिक सायकलींत त्यातच सेन्सर आणि त्याची वायर असते.

हब मोटरचे ॲक्सल नट सैल असतील, तर ते काम त्याच दिवशी करावे. मोटरच्या जोराने ॲक्सल खाचेत फिरला, तर वायर पिळवटून तुटते. चाक काढायचे असल्यास आधी मोटरचा कनेक्टर सोडवावा, आणि वळणविरोधी वॉशर (ॲक्सलला खाचेत फिरू न देणारा) निघाला तसाच परत बसवावा. स्पोक एकमेकांना जेथे छेदतात तेथे तेलाचा एकेक थेंब पुरतो. रिम ब्रेक (चाकाच्या कडेला पकडणारा) असल्यास रिमवर तेल जाऊ देऊ नये. मडगार्ड, कॅरिअर आणि स्टॅंड यांचे बोल्ट सैल आहेत का, ते हाताने हलवून पाहिले तरी कळते. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकलताना हॅंडलखाली टकटक जाणवली, तर हेडसेट (हॅंडल ज्यात फिरते तो बेअरिंगचा सांधा) ढिला आहे.

प्रत्येक दुरुस्तीनंतर त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये एक चक्कर मारून मगच पुढचा सांधा उघडावा. वाळूवरून फिरून आल्यावर सायकल गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करावी. पंपाच्या जोरदार फवाऱ्याखाली ती कधीही धुऊ नये, कारण ते पाणी बेअरिंगमधले ग्रीस धुऊन काढते आणि मोटरमध्ये शिरते.

इतके करूनही आवाज राहिला, तर फ्रेम स्वच्छ पुसून जोडांच्या कडा विजेरीच्या तिरप्या उजेडात पाहाव्यात, विशेषतः सीटच्या नळीचा जोड आणि बॅटरीच्या बैठकीभोवतीची जागा. रंगात केसासारखी रेघ दिसली आणि नखाला ती अडखळली, तर ती फ्रेमची चीर असू शकते. अशी सायकल कारागिराने पाहीपर्यंत चालवू नये. रेघ नसेल आणि घरघर थेट मोटरच्या पोटातून येत असेल, तर मोटर स्वतः उघडू नये, ती कंपनीच्या दुरुस्ती केंद्राकडे द्यावी. जाताना कोणत्या चाचणीत काय ऐकू आले, ते कागदावर लिहून न्यावे.