न्यूयॉर्कच्या सबवेत योग्य गाडी कशी पकडावी

न्यूयॉर्कला पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला कोणीतरी हमखास सांगतं, "सोपं आहे, निळी लाइन पकड." हा सल्ला कृपा करून कोणाला देऊ नका. निळ्या रंगात ए, सी आणि ई अशा तीन गाड्या धावतात आणि तिघींची टोकं वेगळी आहेत. म्हणून इथली माणसं रंगाचं नाव घेत नाहीत. ती म्हणतात, "ए घे", "सातची घे". दर उन्हाळ्यात येणाऱ्या नातेवाइकांना मी हा नकाशा समजावून सांगते, तो या क्रमाने.

१. आधी गाडीला आकडा आहे की अक्षर, ते बघा. हे सबवेचं जाळं एकाने बांधलेलं नाही. १९०४ मध्ये आयआरटी या खाजगी कंपनीची सबवे सुरू झाली, पुढे बीएमटी ही दुसरी कंपनी आली आणि १९३२ मध्ये शहराने स्वतःची आयएनडी काढली. १९४० मध्ये तिन्ही शहराच्या ताब्यात एकत्र आल्या, पण बोगदे होते तसेच राहिले. आयआरटीचे डबे जेमतेम पावणेनऊ फूट रुंद, बाकीच्यांचे दहा फूट. १ ते ७ या आकड्यांच्या गाड्या म्हणजे जुनी आयआरटी, अक्षरांच्या गाड्या म्हणजे बाकीच्या दोघी. याचा उपयोग शनिवार-रविवारी कळतो. दुरुस्तीसाठी गाड्या वळवतात तेव्हा ई गाडी एफच्या रुळांवरून जाऊ शकते. आकड्याची गाडी मात्र अक्षरांच्या रुळांवर येत नाही.

२. रंग म्हणजे मॅनहॅटनमधला रस्ता, त्यापलीकडे काही नाही. लाल १-२-३ सेव्हन्थ ॲव्हेन्यूखालून जातात, हिरव्या ४-५-६ लेक्सिंग्टनखालून, निळ्या एट्थखालून, नारिंगी सिक्स्थखालून, पिवळ्या ब्रॉडवेखालून. मॅनहॅटनबाहेर त्या पांगतात. रंग लागतो तो पत्ता समजून घ्यायला: '२३ स्ट्रीट' नावाची पाच स्टेशनं आहेत, प्रत्येक वेगळ्या ॲव्हेन्यूवर. भेटायचं ठरवताना नुसतं '२३ स्ट्रीट' सांगू नका.

३. अपटाउन (उत्तरेकडे) की डाउनटाउन (दक्षिणेकडे), ही पाटी रस्त्यावरच वाचा. काही स्टेशनांवर आत गेल्यावर पलीकडच्या फलाटावर जाता येत नाही.

४. लोकल म्हणजे आपली स्लो, एक्सप्रेस म्हणजे फास्ट. एकच सावधगिरी: ७ हा आकडा गोलाऐवजी चौकटच्या आकारात असेल तर ती एक्सप्रेस, आणि ती जॅक्सन हाइट्सच्या ७४ स्ट्रीटला थांबत नाही. भारतीय वाणसामानाला निघालेली कितीतरी माणसं संध्याकाळी पार जंक्शन बुलेव्हार्डला जाऊन उतरतात.

५. शेवटचं स्टेशन वाचा. ही पायरी कोणी शिकवत नाही आणि सगळा घोळ इथेच होतो.

बरीच वर्षं झाली. आईला परतीच्या विमानासाठी जेएफकेला सोडायला निघाले होते, दोन मोठ्या बॅगा बरोबर. १४ स्ट्रीटला ए आली. अक्षर बरोबर, रंग बरोबर, दिशा बरोबर. तासाभराने खिडकीबाहेर १११ स्ट्रीटची पाटी दिसली आणि पोटात गोळा आला, कारण हे स्टेशन विमानतळाच्या वाटेवर नाहीच. डब्यावर 'लेफर्ट्स बुलेव्हार्ड' लिहिलं होतं, ते मी वाचलंच नव्हतं. शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन उलट आलो, रॉकवे बुलेव्हार्डला बॅगांसकट जिना उतरून पलीकडे चढलो आणि पुढच्या ए ची वाट बघत उभे राहिलो. आई एक शब्द बोलली नाही, फक्त पासपोर्टच्या पिशवीची चेन उघडत-लावत राहिली. विमान मिळालं, पण ती वीस मिनिटं मी विसरलेले नाही.

रॉकवे बुलेव्हार्डनंतर ए ला फाटे फुटतात. एक लेफर्ट्सला जातो. दुसरा हॉवर्ड बीचवरून समुद्राकडे जातो आणि विमानतळावर नेणारी एअरट्रेन हॉवर्ड बीचलाच मिळते. म्हणून विमानतळासाठी ए घ्यायची तर डब्यावर 'फार रॉकवे' किंवा 'रॉकवे पार्क' हवं. लेफर्ट्सच्या गाडीत चढलाच असाल तर घाबरू नका. रॉकवे बुलेव्हार्डला उतरा आणि त्याच फलाटावर फार रॉकवेची वाट बघा. उतरायचं स्टेशन आणि टोकाची नावं, तिन्हींत 'रॉकवे' आहे, तेव्हा पूर्ण नाव वाचा.

मुंबईकराला हे खरं तर सांगावं लागू नये. कल्याणपुढे राहणारा माणूस 'सेंट्रलची फास्ट आहे' एवढ्यावर गाडीत चढतो का? कर्जत की कसारा, ते इंडिकेटरवर बघतो, मगच पाय टाकतो. तीच सवय इथे आणा. रंगीत नकाशा हातात आला की आपण ती का सोडून देतो, मला कळत नाही.

माझं स्पष्ट मत: सामान असेल तर ए च्या भानगडीत पडू नका, ई घ्या आणि सटफिन बुलेव्हार्डला उतरून एअरट्रेन पकडा. तिथेही डब्यावर 'जमैका सेंटर' आहे ना, ते बघा. गर्दीच्या वेळी मोजक्या ई गाड्या १७९ स्ट्रीटला जातात आणि त्या सटफिनला लागत नाहीत.

फाटे फुटणारी ए एकटीच आहे असं नाही. गर्दीच्या वेळी ५ च्या काही गाड्या ब्रॉन्क्समध्ये डायर ॲव्हेन्यूला जातात, काही निरीड ॲव्हेन्यूला.

६. रात्री उशिरा निघणार असाल तर दिवसाचा नकाशा विसरा. सबवे रात्रभर चालते, पण बी आणि सी झोपतात, आणि सी ची स्टेशनं घ्यायला ए स्वतः लोकल होते. दिवसा सुसाट गेलेली तीच ए रात्री प्रत्येक स्टेशनावर थांबते, तेव्हा पहाटेच्या विमानासाठी अर्धा तास आधी निघा. त्या वेळी लेफर्ट्सच्या फाट्यावर वेगळी शटल असते आणि सगळ्या ए फार रॉकवेला जातात. तरी डब्यावरचं नाव वाचूनच चढा.