कॉम्प्युटरवर वंशावळ बनवताय? खानदेशवाल्यांनो, या चुका टाळा

आमच्या ग्रुपला नाव नाही, रजिस्ट्रेशन नाही, अध्यक्ष तर नाहीच नाही. जळगावात एका मित्राच्या क्लासची खोली रविवारी सकाळी रिकामी असते, तिथं लॅपटॉप, पेनड्राइव्ह आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतले जुने कागद घेऊन ज्याला यायचं तो येतो, एकमेकांची वंशावळ कॉम्प्युटरवर चढवायला मदत करतो आणि चहा पिऊन घरी जातो, एवढंच. आधी रिटायर झालेली हौशी मंडळीच असायची, पण २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायची जी लाट आली त्यानंतर तरुण पोरंपण यायला लागली, कोणाला व्हॅलिडिटीसाठी, म्हणजे जातपडताळणीसाठी, पुरावा पाहिजे, कोणाला नुसतं माहीत करून घ्यायचंय की आपलं मूळ गाव कुठलं.

इतक्या लोकांच्या फाइली बघून एक गोष्ट पक्की झालीय. कागद मिळत नाही म्हणून वंशावळ फार चुकत नाही, कागद मिळाल्यावर चुकते, कारण माणूस खूश होऊन तिथल्या तिथं नातं जोडून टाकतो. खाली लिहिलेले बहुतेक घोळ त्यातलेच आहेत.

नाव जुळलं, माणूस जुळला नाही

समजा तुमच्या पणजोबांचं नाव दगडू नथ्थू पाटील. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या रजिस्टरात, दगडू नथ्थू सापडला, लगेच फोटो काढला, सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला, झालं. अहो पण आजोबाचं नाव नातवाला ठेवायची पद्धत आहे आपल्याकडे, म्हणजे नथ्थूचा दगडू, दगडूचा नथ्थू, परत त्याचा दगडू, शिवाय दोघा भावांनी आपापल्या पोराला तेच नाव ठेवलेलं असतं. वर पोरं जगत नव्हती म्हणून मुद्दाम दगडू, धोंडू, भिका अशी नावं ठेवायचे, त्यामुळे एका गावात तीन-तीन दगडू निघणं काही विशेष नाही. आणि पाटील आडनावाचं तर विचारूच नका, खानदेशात लेवा पाटील, मराठा पाटील, गुजर पाटील, आणखी कितीतरी समाजांत पाटील, मुळात ते कामाचं नाव होतं, त्यामुळे एकाच भाऊबंदकीत एक घर पाटील लावतं आणि दुसरं घर जुनंच आडनाव लावतं असंही दिसतं.

म्हणून नाव आणि बापाचं नाव एवढ्यावर दोन नोंदी मर्ज करू नका. तिसरी काहीतरी खूण पाहिजे, बायकोचं नाव, आजोबाचं नाव, शेताचा नंबर. शेताचा नंबर बघताना हे लक्षात ठेवा की जमिनींच्या एकत्रीकरणात जुन्या सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, त्यामुळे १९३० च्या कागदावरचा ४२ आणि आजच्या सातबाऱ्यावरचा ४२ हे वेगळं वावर असू शकतं, तलाठ्याकडून किंवा भूमी अभिलेखकडून जुना-नवा नंबर आधी काढून घ्या. तोपर्यंत सॉफ्टवेअरमध्ये दोन दगडू वेगवेगळे राहू द्या, काही बिघडत नाही. मर्ज करायला एक क्लिक लागते, चुकून मर्ज झालेले दोन दगडू वेगळे करायला अख्खा रविवार जातो.

कोम, वलद, अपाक यांना आडनाव समजू नका

नव्या पोरांची ही हमखास चूक. जुन्या उताऱ्यात लिहिलेलं असतं "सीताबाई कोम दगडू", आणि टाइप करणारा कोम हे मधलं नाव धरून मोकळा होतो. कोम म्हणजे बायको, जौजे म्हणजेही बायको, भ्र. म्हणजे भ्रतार, त्याच्यापुढे नवऱ्याचं नाव येतं. वलद आणि बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. "रमेश शंकर अ.पा.क. आई गंगूबाई" असं असेल तर अपाक हे काही घराणं नाही, अज्ञान पालनकर्ता, म्हणजे रमेश तेव्हा लहान होता आणि आई त्याच्या वतीने होती. ही फार कामाची नोंद असते, कारण बाप त्याआधीच गेलेला असण्याची शक्यता दिसते आणि पोराच्या वयाचा अंदाज येतो.

तसंच ए.कु.मॅ. किंवा ए.कु.क. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा कर्ता. जमीन सगळ्यांची, नाव एकट्या थोरल्याचं. हे बघून "पणजोबा एकुलते एक होते" असं लिहिणारे आहेत, आणि मग धाकट्या भावाचे नातू भेटायला आले की पंचाईत.

फेरफाराचंही, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदीचंही, तेच. वारस लागल्याची तारीख म्हणजे मेल्याची तारीख नव्हे. माणूस गेल्यावर वारस नोंद कधी चार महिन्यांनी व्हायची, कधी पंधरा वर्षांनी, कर्ज काढायची किंवा वाटणीची वेळ आली म्हणजे. फेरफारातला मजकूर पूर्ण वाचा, "मयत होऊन इतकी वर्षे झाली" असं बऱ्याचदा आतच लिहिलेलं असतं. आणि वारसांच्या यादीत मुली नाहीत म्हणून मुलीच नव्हत्या असं तर अजिबात धरू नका.

तारखांचा घोळ

घरातली म्हातारी सांगते, "माझी सासू छप्पन्याच्या दुष्काळात जन्मली", आणि नातू बिनधास्त १९५६ टाकतो, मग सॉफ्टवेअर लाल खूण दाखवतं की आई पोरापेक्षा लहान आहे. छप्पन म्हणजे विक्रम संवत १९५६, आपला १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ. खानदेशात व्यापाऱ्यांच्या वह्या संवतातच असतात, दिवाळी ते डिसेंबर असेल तर ५७ वजा करा, जानेवारी ते दिवाळी असेल तर ५६. शके असेल तर ७८ मिळवा, आणि जानेवारी ते पाडवा या दिवसांत ७९. फसली आणि अरबी सनाचे हिशेब आणखी वेगळे आहेत. कोणताही सन असो, कागदावर जसा आहे तसा आधी नोट्समध्ये लिहा आणि मगच इसवी सन करा, म्हणजे हिशेब चुकला तरी मूळ आकडा हातात राहतो.

शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर खूश होऊ नका. अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला आहे, कारण गुरुजींनी नाव घालताना वयात बसेल असं साल धरून तारीख टाकून दिली. "सुमारे" असा पर्याय सॉफ्टवेअरमध्ये असतो, तो वापरा.

आता एक्सेलवाले. बरेच जण आधी एक्सेलमध्ये यादी करतात, ते ठीकच आहे, पण एक्सेल १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून घेतच नाही, ती नुसती अक्षरं राहतात आणि सॉर्ट केलं की १८९८ वाला पणजोबा भलतीकडेच जाऊन पडतो. त्यात कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर ३/४ चं ४ मार्च होतं आणि तुम्हाला कळतही नाही. सोपा उपाय, दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे कॉलम करा.

जिल्हा कुठला, गाव कुठलं

१९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता, मुख्य ठिकाण धुळे. मग पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश झाले, त्यांचे पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले, आणि धुळ्यातून नंदुरबार निघाला तो १ जुलै १९९८ ला. त्याच्याही मागे गेलं तर मालेगाव, बागलाणकडचा भाग १८६९ मध्ये नाशिक जिल्हा होईपर्यंत खानदेशातच होता. म्हणून १८९० च्या नोंदीला "जळगाव जिल्हा" लिहू नका. ग्रॅम्प्ससारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एकाच गावाला काळाप्रमाणे वेगळी नावं आणि वेगळा जिल्हा देता येतो, ती सोय वापरा. एदलाबादचंच नाव पुढे मुक्ताईनगर झालं, तरी त्यांचे दोन तालुके करून ठेवलेले आम्ही बघितलेत!

गावांच्या नावांत तर डोकं फिरतं. पिंप्री, वडगाव, पिंपळगाव किती आहेत मोजून बघा. बुद्रुक, खुर्द, आणि गावापुढचं ते "प्र." म्हणजे परगणा, हे सगळं टाइप करा, कंटाळा करू नका. शिवाय काही गावं आता जागेवरच नाहीत, हतनूर, उकाई, सरदार सरोवरच्या पाण्याखाली गेली किंवा उठून दुसरीकडे वसली, नकाशात पिन लावताना नव्या गावठाणावर जुना जन्म लावून बसाल. आणि आपले लोक सुरतला किती गेले ते काय सांगायचं, बऱ्हाणपूर तर शेजारीच, तेव्हा एखादी फांदी एकदम तुटली असेल तर गुजरात-मध्य प्रदेशाकडे बघा, मेली असं लिहून टाकू नका.

नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघायला जायचं असेल तर मूळ गाव पक्कं करूनच जा, तिथं आडनावाच्या आधी गाव विचारतात. आणि धुळ्याच्या राजवाडे मंडळात "आमच्या आजोबांचा जन्मदाखला आहे का" असं विचारायला जाऊ नका, तिथं इतिहासाचार्य राजवाड्यांनी जमवलेली दप्तरं आहेत, ते ग्रामपंचायतीचं ऑफिस नाही.

चुलतभाऊ सख्खे झाले, बाई गायब झाली

आपल्याकडे चुलत, मावस, आत्ये, सगळे भाऊच. लग्नपत्रिका हा झकास पुरावा आहे, खानदेशी पत्रिकेत तर निम्मं गाव छापलेलं असतं, पण तिथल्या नावांवरून सख्खं-चुलत ठरवू नका, फोन करून विचारा. आबा, नाना, जिभाऊ, आप्पा हे नावाच्या रकान्यात टाकू नका, टोपणनावाचा रकाना वेगळा असतो.

बायकांचं माहेरचं नाव, माहेरचं गाव, लग्नात बदललेलं नाव, हे तिन्ही विचारून घ्या. बहुतेक फाइलींत बाईच्या जागी "सौ. पाटील" एवढंच असतं आणि तिथं अर्धी वंशावळ संपते. दुसरं लग्न, पाट (बाईचं पुनर्लग्न), दत्तक या गोष्टी लोक दाबून ठेवतात. दत्तकाला दोन आईबाप लावायची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, "सॉफ्टवेअरला जमत नाही" हे कारण सांगू नका.

कॉम्प्युटर रुसला तर

नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतायत? जेडकॉम फाइल (वंशावळ एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायची फाइल) एक्स्पोर्ट करताना यूटीएफ-८ निवडलेलं नाही, मूळ फाइलमधून परत एक्स्पोर्ट करा. प्रश्नचिन्हं झालेली फाइल दुरुस्त होत नाही, त्यात वेळ घालवू नका.

प्रेसवाल्याकडून आणलेला मजकूर पेस्ट केला आणि इंग्रजी अक्षरांचा काला झाला? तो श्रीलिपी नाहीतर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये आहे, कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या आणि मग जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

नाव आहे तरी सर्चमध्ये सापडत नाही? पाटील आणि पाटिल, नथ्थू आणि नथ्थु, पांडुरंग आणि पाडुंरंग, कॉम्प्युटरला ही सगळी वेगळी माणसं आहेत. ग्रुपमध्ये एक स्पेलिंग ठरवा, कागदावरचं वेगळं असेल तर ते पर्यायी नाव म्हणून टाका.

दुसऱ्याला फाइल दिली आणि फोटो गेलेच नाहीत? जेडकॉममध्ये फोटो जात नाहीत, फक्त फोटो कुठं ठेवलाय तो पत्ता जातो. ग्रॅम्प्समध्ये मीडियासकट पॅकेज करायचा पर्याय आहे. आणि व्हॉट्सॲपवर कागदाचा फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जातो आणि शाईचा ठिपका की अनुस्वार तेच कळत नाही. फोटोला गाव, रजिस्टर, साल, पान असं नाव त्याच दिवशी द्या, रजिस्टरच्या पहिल्या पानाचाही फोटो काढा.

मोडी लिपीतला कागद ॲपमध्ये टाकून जे मराठी बाहेर येतं ते कच्चं समजा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, शब्द सलग लिहिलेले असतात, त्यात गावच्या लेखनिकाचं अक्षर, जाणकाराला दाखवल्याशिवाय सरकारी कामाला वापरू नका. आणि ऑनलाइन झाडांमधून "मॅच" आली की स्वीकारा दाबणाऱ्यांना काय बोलावं, तिकडे कोणीतरी तिसऱ्यानेच अंदाजाने टाकलेलं असतं आणि पन्नास जणांनी ते उचललेलं असतं.

भाऊबंदांशी वागताना

तुम्ही हौसेने सातबारा मागायला जाता, समोरचा विचारतो, "का रे भो, वावरमा हिस्सा मांगाले उना का?" त्याचं चूक नाही. पहिल्या भेटीत जमिनीचं नाव काढू नका, आधी जुने फोटो दाखवा, तुमच्याकडे तयार आहे तेवढी वंशावळ प्रिंट काढून त्यांना द्या, चुका ते स्वतःच काढतात आणि चुका काढता काढता निम्मी माहिती सांगून टाकतात.

हयात माणसांची जन्मतारीख, आधारचा फोटो, आईचं माहेरचं नाव ग्रुपवर टाकू नका, ऑनलाइन झाडात जिवंत माणसं लपवलेली ठेवा. एकाच्या व्हॅलिडिटीचा कागद दुसऱ्याला परस्पर देणं तर आमच्याकडे बंदच आहे, आडनाव एक म्हणून कोणीही कोणाच्याही वंशावळीत घुसायला बघतो आणि उद्या चौकशी लागली की ज्याचा कागद तोच अडकतो.

आणि रविवारी येताना झेरॉक्स आणा, मूळ कागद घरी राहू द्या. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर करूच नका, ते नंतर निघत नाही. साध्या कोऱ्या कागदाच्या घडीत आडवा ठेवा आणि उन्हात न धरता खिडकीजवळच्या उजेडात फोटो काढा, मागची बाजूपण घ्या, शिक्का बऱ्याचदा मागेच असतो.