घरच्या रोबोट लॉन मोवरला पाती कशी बसवायची

घरी रोबोट मोवर, म्हणजे आपोआप फिरून लॉनचं गवत कापणारं यंत्र, बनवणारे बहुतेक जण चाकं, सेन्सर, कोडिंग यातच रमतात आणि पातं शेवटी मिळेल ते लावून टाकतात. माझं म्हणणं, आधी पातं ठरवा आणि मग बाकीचं मशीन त्याच्याभोवती बांधा, कारण हे यंत्र आपलं लक्ष नसताना अंगणात फिरणार आणि तिथं पोरं, कुत्री-मांजरं असणारच. गवत कसं कापलं जातं हे बघायचंच, पण पातं दगडाला नाहीतर पायाला लागलं तर काय होईल हे त्याच्या आधी बघायचं.

म्हणून ढकलायच्या मोवरसारखी सलग लोखंडी पट्टी नको. गोल डिस्क घ्या आणि तिच्या कडेजवळ ३ छोटी पाती स्क्रूवर सैल, फिरती बसवा. डिस्क फिरायला लागली की पाती आपोआप बाहेर ताणली जातात, आणि काही कडक लागलं की मागं दुमडतात. हिशोब बघा, २०० ग्रॅमची २० सेंमी पट्टी २८०० आरपीएमला (मिनिटाला २८०० फेरे) फिरत असेल तर तिच्यात साधारण ३० जूल एनर्जी असते, आणि ३ ग्रॅमच्या एका सुट्या पात्यात जेमतेम १ जूल. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडं मुरमाड जमिनीत लॉन केलंय त्यांच्याकडं खडे वर येतच राहतात, तिथं पट्टीनं उडालेला खडा थेट खिडकीत जाईल.

मापं अशी धरा: डिस्क १८० मिमी, पात्याचा स्क्रू मध्यापासून ७५ मिमीवर, आणि भोकापासून टोकापर्यंत पातं साधारण २८ मिमी. मग पातं कडेच्या बाहेर १३ मिमी येतं आणि दुमडलं की पूर्ण डिस्कखाली लपतं. हे आधी कागदावर काढून बघाच, पातं अर्धवट दुमडून बाहेर डोकावत राहिलं तर सगळ्या डिझाईनवर पाणी.

स्पीड वाढवायचा मोह टाळा. २८०० आरपीएमला टोकाचा वेग सेकंदाला ३० मीटर होतो, हरळी किंवा मेक्सिकन लॉनला तेवढा पुरतो. मशीन सेकंदाला ३० सेंमी पुढं जात असेल तर ३ पाती मिळून दर २ मिमीला एक काप मारतात, म्हणजे गवत सुटत नाही. स्पीड डबल केला तर पात्यावरची ओढ चौपट होते. आत्ताच ३ ग्रॅमचं पातं स्क्रूला सव्वादोन किलोच्या जोरानं ओढतंय! एवढ्यानं एम५ स्क्रू तुटत नाही, तो ढिला होतो, म्हणून नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला, थरथरीनं ढिला न होणारा) लावा आणि पातं कॉलरवर, म्हणजे स्क्रूच्या गुळगुळीत गोल भागावर, मोकळं फिरेल एवढी फट ठेवा.

पाती रोबोट मोवरसाठीचीच घ्या, ऑनलाइन मिळतात, पाऊण मिलिमीटर जाड आणि दोन्ही कडांना धार असलेली. स्टेशनरीचं कटर ब्लेड अजिबात नको, त्यावर तुकडे मोडायच्या रेषा मुद्दाम पाडलेल्या असतात. डिस्क ३ मिमी ॲल्युमिनियमची करा, सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत लेझर कटिंगवाल्याकडं ड्रॉइंग दिलं की कापून मिळते, डिस्क मोटरच्या शाफ्टला जोडणारा हब तेवढा लेथवर बनवून घ्या. ॲक्रिलिक तडकतं, आणि थ्रीडी प्रिंटचं पीएलए प्लास्टिक आपल्या एप्रिलच्या उन्हात मऊ पडतं.

मोटर बॉल बेअरिंगवालीच. ७७५ मोटर स्वस्तात मिळते पण ती फार पळते, मोटर ड्रायव्हर सर्किटनं स्पीड कमी करा आणि टॅकोमीटर (फेरे मोजायचं यंत्र) लावून खरा आकडा बघा. पाती सोनाराच्या काट्यावर तोलून तिन्ही सारख्या वजनाची लावा आणि बदलताना तिन्ही एकदम बदला, नाहीतर थरथर सुरू होते आणि बेअरिंग जातं. पाती दोन धारांची आहेत तर दर वेळी सुरू करताना डिस्क उलट दिशेनं फिरवा, दोन्ही धारा सारख्या झिजतील, फक्त हब उलट्या फिरण्यानं सुटणार नाही असा घट्ट पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, थांबणं. मशीन उचललं की पाती २ सेकंदांत थांबली पाहिजेत. उचलल्यावर उघडणारे स्विच आणि वरचं लाल बटण पातं-मोटरच्या सप्लायच्या रिलेला (विजेवर चालणारा स्विच) सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एकाच वायरीत, जोडा, नुसते कोडमध्ये वाचू नका, कंट्रोलर हँग झाला तरी पातं बंद झालंच पाहिजे. सप्लाय तुटल्यावर तोच रिले मोटरची दोन टोकं एका रेझिस्टरमधून जोडेल असं करा, ब्रश मोटर त्यानं पटकन थांबते. मशीन कललं की ओळखणारा टिल्ट सेन्सर हवा, फ्यूज हवा, आणि करंट एकदम वाढला की मोटर बंद. बॉडीची कड पात्याच्या टोकापासून १० सेंमी तरी बाहेर आणि जमिनीजवळ ठेवा, पोराचा पाय आत जाता कामा नये.

पहिली टेस्ट गवतात नको. मशीन जाड प्लायवूडच्या आडोशाला ठेवून लांबून चालू करा, १० मिनिटं फिरवा, मग बॅटरी काढून प्रत्येक स्क्रू तपासा. हात लावायचा तो बॅटरी काढून आणि ग्लोव्हज घालूनच, प्रत्येक वेळी.

पावसाळ्यात सांगलीकडच्या काळ्या मातीचा आणि ओल्या गवताचा लगदा डिस्कखाली बसतो, पाती चिकटून दुमडायची बंद होतात आणि सुट्या पात्यांचा फायदाच जातो. त्यामुळं जून ते सप्टेंबर दर वेळी कापून झालं की डिस्क ब्रशनं साफ करा आणि प्रत्येक पातं काडीनं ढकलून मोकळं फिरतंय ना बघा. गवत फार वाढलं असेल तर पहिला हात विळ्यानं मारा, कापायची उंची ५०-६० मिमीवर ठेवून सुरू करा, मग हळूहळू खाली आणा.